चवीतली आबकारी

सातपुड्याच्या दक्षिण उतारावर, बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत, होळीच्या आगेमागे मोहाची पानं झडतात आणि फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस लागतात. फुलं रात्री उमलतात, वटवाघळं त्यांच्यावर येतात आणि पहाटेपासून रसानं भरलेल्या जाड, पिवळसर पाकळ्या टपटप खाली पडू लागतात. कोरकू, भिल्ल, बारेला आणि निहाल घरांतल्या बाया-पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली येतात. ताजं फूल तोंडात टाकलं तर आधी गोडवा येतो, मागून किंचित तुरटपणा येतो आणि त्याबरोबर एक ओळखीचा वास येतो, ज्याचं नाव पटकन सापडत नाही. मोह हा चिकूच्या कुळातला वृक्ष आहे, पण हा वास चिकूचा नव्हे. पुणे विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांना या फुलात २-असिटाइल-१-पायरोलिन हा रेणू सापडला. बासमती आणि आंबेमोहर शिजताना घरभर जो दरवळ सुटतो तो मुख्यतः याच रेणूचा, आणि भाजलेल्या पावाच्या खरपूस सालीतही तो असतो. फूल उन्हात वाळलं की मनुकेसारखं तपकिरी होतं आणि त्याच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर उरते. इतक्या गुणाच्या फुलापासून निघालेली दारू मात्र बहुतेकांना आठवते ती आंबूस, धुरकट आणि घसा ओरबाडणारी म्हणून. मधल्या वाटेवर फुलाचं काय झालं? नेहमीचं उत्तर असं की मोहाची दारूच मुळात हलकी, गरिबाची, रानटी. या प्रकरणाचं म्हणणं वेगळं आहे. कष्टकऱ्यांच्या पेयाला जी चव येते तिच्यात कच्च्या मालाचा जितका वाटा असतो, तितकाच, आणि कधीकधी त्याहून जास्त, आबकारी कायद्याचा असतो. म्हणून असं पेय चाखताना फुलाचं किंवा धान्याचं काय आणि कायद्याचं काय, हे आधी निवडून वेगळं करावं लागतं.

हे म्हणणं आधी दूरच्या एका पेयावर तपासून पाहणं सोयीचं, कारण तिथले कराचे आणि तीव्रतेचे आकडे नीट नोंदलेले आहेत. इंग्लंडच्या वेस्ट मिडलंड्समध्ये खिळे आणि साखळ्या घडवणारे, ओतकाम करणारे, कोळशाच्या खाणीत उतरणारे मजूर पिढ्यान्‌पिढ्या जी बीअर पीत आले ती डार्क माइल्ड. आपल्याकडे परमिट रूमच्या यादीत ‘माइल्ड’ म्हणजे पाच टक्क्यांपर्यंतची फिकट, थंडगार लागर, आणि त्यावरची ती स्ट्राँग. इंग्लंडची पारंपरिक डार्क माइल्ड साधारण तीन ते पावणेचार टक्क्यांची, म्हणजे खामगाव-मलकापुरात माइल्ड म्हणून मिळणाऱ्या बाटलीपेक्षाही सौम्य. दिसायला मात्र ती काढ्यासारखी काळी. ग्लास उजेडासमोर धरला की कडेनं माणकासारखा लाल रंग उमटतो. ती अकरा ते तेरा अंश तापमानाला, तळघराच्या गारव्यात ठेवलेल्या पिंपातून थेट घेतात. बर्फासारखी थंड केली तर तिच्यातलं जवळजवळ सगळंच मुकं होतं, कारण थंडीत वास उडत नाहीत आणि जीभही बधिरते. नाकाला आधी भाजलेला पाव, मग काकवी, मनुका आणि थोडा कोको जाणवतो. वायू कमी असल्यानं तोंडात टोचत नाही. हॉप्सचा कडूपणा गोडव्याला आवर घालण्यापुरताच असतो. घोट गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला करपट तुरटपणाची एक बारीक रेघ राहते आणि तोंड कोरडं होऊन पुढचा घोट मागतं. पहिल्यांदा पिणारा बहुधा तिला पाणचट ठरवतो. त्याचं मन दारूची ऊब किंवा थंडीचा झटका शोधत असतं, आणि इथे दोन्ही नसतात. या पेयाचा निकाल पहिल्या घोटावर लावू नये. तिसऱ्या-चौथ्या घोटानंतर, पेय थोडं आणखी कोमट झाल्यावर, खरी चव उघडते, आणि ज्याला ती तेव्हाही सापडत नाही त्याला ती आवडत नाही असं खुशाल म्हणावं.

तीन टक्क्यांच्या पेयात इतकं सगळं मावतं कसं, याचं उत्तर माल्टमध्ये आहे. सातू भिजवून, मोड आणून, वाळवला की त्याचा माल्ट होतो. नाचणी किंवा ज्वारीला मोड आणून सत्त्व काढणाऱ्या घराला ही क्रिया समजावून सांगायची गरज नाही. मोड येताना दाण्यात अशी विकरं तयार होतात की जी पिठूळ भागाची साखर करतात. पुढे गरम पाण्यात हा माल्ट कालवतात तेव्हा पाण्याचं तापमान थोडं चढं, सदुसष्ट-अडुसष्ट अंशांच्या आसपास ठेवलं तर सगळ्या पिठाची सुटी साखर होत नाही. काही भाग लांब साखळ्यांच्या रूपात राहतो, त्याला यीस्ट खाऊ शकत नाही, आणि तोच पेयाला अंग देतो. त्यात क्रिस्टल माल्ट घालतात. याच्या दाण्यात साखर आतल्या आत वितळवून घट्ट केलेली असते, आणि काकवी-मनुकेचे सूर तिथून येतात. काळा रंग आणि करपट रेघ येते ती खूप भाजलेल्या माल्टमधून. १८१७ साली डॅनियल व्हीलरनं माल्ट भाजण्याच्या फिरत्या पिंपाचं पेटंट घेतलं, आणि जाळून कोळसा न करता दाणा काळा करणं तेव्हापासून शक्य झालं. म्हणजे चव भरण्यासाठी मद्यार्क वाढवावाच लागतो असं नाही. हे तंत्र हाती असलेला कारागीर कमी तीव्रतेतही भरलेलं पेय देऊ शकतो.

पण डार्क माइल्ड मुळात काळीही नव्हती आणि सौम्यही नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात माइल्डची ओळख एवढीच होती की ती ताजी विकली जाते, महिनोन्‌महिने पिंपात मुरवून आंबटसर झालेली नसते. बऱ्याचशा माइल्ड फिकट रंगाच्या होत्या, आणि सहा टक्के किंवा त्याहून जास्त तीव्रता ही सामान्य गोष्ट होती. पिंपांवर एक्स, डबल एक्स, ट्रिपल एक्स अशा खुणा असत, जितके एक्स तितका जोर. मग १८८० साली ग्लॅडस्टननं माल्टवरचा कर काढून टाकला आणि त्याऐवजी आंबवण्याआधीच्या रसाच्या घनतेवर कर बसवला. माल्टऐवजी साखर किंवा इतर धान्य वापरायलाही मोकळीक मिळाली. बीअरमध्ये गडद साखर आणि कॅरॅमल शिरायला इथे वाट झाली. पहिल्या महायुद्धात खरा घाव बसला. घनतेच्या प्रमाण पिंपावर १९१४ साली सात शिलिंग नऊ पेन्स कर होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो तेवीस शिलिंगांवर गेला, आणि १९२० पर्यंत शंभर शिलिंगांवर. धान्य वाचवण्यासाठी उत्पादनावर बंधनं आली. पाण्याची घनता १००० धरली तर युद्धाआधी ब्रिटिश बीअरच्या रसाची सरासरी १०५० च्या वर होती. १९१८ साली सरकारनं ती १०३० वर आणायला लावली. युद्ध संपलं, बंधनं गेली, पण कर राहिला. मग बीअर कारखानदारांनी काय करावं? घनता कमीच ठेवली आणि पेय पाणीदार वाटू नये म्हणून रंग गडद केला, गोडवा वाढवला. आज ‘पारंपरिक’ म्हणून जिचं कौतुक होतं ती काळी, सौम्य माइल्ड बऱ्याच अंशी कराच्या कोष्टकातून जन्मलेली आहे. तिच्या काळेपणाचा आणखी एक उपयोग काही गुत्तेवाल्यांनी करून घेतला. नळाखाली सांडलेली, ग्लासात उरलेली बीअर पुन्हा पिंपात ओतली तर फिकट बीअरमध्ये ती लगेच कळे, काळ्या माइल्डमध्ये खपून जाई. माइल्डची बदनामी पुढे याच कारणानं वाढली.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो बिनबुडाचा नाही. लोकांना जे आवडतं ते विकलं जातं, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडात माइल्डच सर्वांत जास्त खपत होती, पुढे पोरांना बापाचं पेय नकोसं झालं, बिटर आणि मग लागर आली, यात कायद्याचा काय संबंध? खाणी आणि भट्ट्या बंद पडल्या, घाम गाळून तहान भागवायला तीन-चार ग्लास पिणारा मजूर कमी झाला, हे खरंच आहे, आणि माइल्डच्या ऱ्हासात त्याचा वाटा मोठा आहे. पण ऱ्हास आणि चवीतला बदल या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. माइल्डची तीव्रता १९१४ ते १९२० या सहा वर्षांत कोसळली. एवढ्या थोड्या काळात एका देशाची आवड अशी आपोआप पालटत नाही. तुलनेला शेजारचा बेल्जियम आहे. तोही त्याच युद्धातून, त्याच धान्यटंचाईतून गेला. पण तिथे १९१९ च्या व्हान्डरव्हेल्डे कायद्यानं गुत्त्यांतून जिनसारखी कडक दारू विकायला बंदी केली. गिऱ्हाइकाला जोर हवाच होता, आणि तो बीअरमध्ये उतरला. बेल्जियमच्या सात-आठ-नऊ टक्क्यांच्या बीअरचा जो नावलौकिक आज आहे, त्याला या कायद्यानं मोठा हात दिला. युद्ध एकच, दोन देशांचे कायदे उलटे, आणि बीअरही उलट्या दिशांना गेल्या. आणखी ताजा पुरावाही आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिटनमध्ये साडेतीन टक्क्यांखालच्या बीअरवरचा कर पुष्कळ कमी झाला, आणि बघता बघता कित्येक नामांकित बीअर ३.४ टक्क्यांवर येऊन थांबल्या. गिऱ्हाइकानं त्याची मागणी केली होती असं कुणी म्हणणार नाही.

आता वऱ्हाडात येऊ. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं, १९०२ च्या करारानं ते कायमच्या भाडेपट्ट्यावर गेलं आणि पुढच्या वर्षी मध्य प्रांताला जोडलं गेलं. दारूच्या उत्पन्नाकडे इंग्रजी राजवटीचं लक्ष सुरुवातीपासून होतं, आणि ते गोळा करण्याच्या दोन मुख्य पद्धती होत्या. एकीत गावच्या भट्टीचा मक्ता लिलावानं जायचा. मक्तेदार ठरलेली रक्कम भरायचा आणि मग किती, कशी दारू गाळायची हे त्याचं तो बघायचा. दुसरीत दारू सरकारी नजरेखालच्या मध्यवर्ती भट्टीतच गाळायची, तिची तीव्रता मोजायची आणि मद्यार्काच्या मापावर कर घ्यायचा. १९०५-०६ च्या आबकारी समितीनं कंत्राटदाराच्या मोठ्या भट्टीतून ठरावीक तीव्रतेचा पुरवठा करण्याची पद्धत वाढवण्याची शिफारस केली. चवीच्या दृष्टीनं हा फरक मोठा आहे. मक्त्याच्या भट्टीत वाईट दारू निघत असेल, पण ती त्या गावच्या फुलाची आणि त्या गाळणाऱ्याच्या हाताची असे. मध्यवर्ती भट्टीत दहा ठिकाणचं फूल एकत्र येतं आणि मोजलं जातं ते फक्त मद्यार्काचं प्रमाण. कर ज्या गुणाचं माप घेतो, त्या गुणाचीच निगा राखली जाते, हा सगळ्या आबकारीचा स्वभाव. आजही भारतात व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ हा विचित्र आकडा दिसतो तो याच हिशेबातून आला. इंग्रजी ‘प्रूफ’ दारू म्हणजे ५७.१ टक्के, आणि तिच्यापेक्षा पंचवीस अंश खाली म्हणजे ४२.८. कुठल्याही जिभेनं ही तीव्रता निवडलेली नाही.

मुंबई इलाख्यात याहून पुढची पायरी गाठली गेली. १८७८ च्या आबकारी कायद्यानंतर १८९२ चा म्होवरा (मोहफूल) कायदा आला, आणि कोकणपट्टीत मोहाचं फूल गोळा करणं, साठवणं हेच नियमनाखाली गेलं. जे फूल दुष्काळात भाकरीच्या पिठात मिसळायचं, बैलाला चारायचं, तेच घरात ठेवायला सरकारची परवानगी लागू लागली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला, त्यातही मोहफुलाच्या साठ्यावर बंधनं होती, आणि राज्यरचनेनंतर हाच कायदा विदर्भालाही लागू झाला. १९७३ मध्ये महाराष्ट्रानं देशी दारूला पुन्हा कायदेशीर दार उघडलं, पण तोवर साखर कारखान्यांचं जाळं उभं राहिलं होतं आणि मळीचा मद्यार्क स्वस्तात, अमाप मिळू लागला होता. म्हणून आज देशी दारूच्या दुकानात मिळणारी बाटली मळीच्या शुद्ध केलेल्या मद्यार्काची असते आणि तिच्यात संत्र्याचा वास घातलेला असतो. विदर्भ संत्र्यांचा मुलूख असला तरी त्या बाटलीतल्या संत्र्याला झाड कधी दिसलेलं नसतं. कायदेशीर देशी दारू आणि मोहाचं फूल यांची फारकत अशी झाली, आणि मोह उरला तो फक्त बेकायदा भट्टीत.

बेकायदेशीरपणाची स्वतःची एक चव असते. नाल्याच्या काठी, झुडपाआड, रात्री, पोलिसांच्या धाकात गाळताना वेळ हा शत्रू असतो. सडवा, ज्याला विदर्भात मोहामाच म्हणतात, लवकर तयार व्हावा म्हणून त्यात काळा गूळ टाकतात, नवसागर टाकतात. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. यीस्टला ते नत्र पुरवतं आणि आंबणं झपाट्यानं होतं. पण झपाट्यानं आणि उन्हाच्या तापात आंबलेल्या सडव्यात व्हिनेगरचा आंबूसपणा आणि नेलपॉलिशसारखा वास तयार होतो, आणि तो वाफेबरोबर पुढे येतो. पिंप उघडं राहिलं तर आंबूसपणा आणखी वाढतो. आच मोठी ठेवली की तळाचं फूल करपतं आणि धूर दारूत उतरतो. आधी निघणारा, झोंबरा भाग बाजूला काढून टाकायचा तर माल कमी होतो, म्हणून तो टाकला जात नाही. ‘पहिल्या धारेची’ म्हणून जिचा मान असतो ती सर्वांत कडक धार. मागची धार सौम्य, आणि फुलाचा गोडसर वास तिच्यातही असतो. पण लपवून, पाठीवरून, ट्यूबमधून न्यायच्या मालाला सौम्यपणा परवडत नाही. जागा तेवढीच व्यापते आणि पकडलं गेल्यावर शिक्षाही तेवढीच, मग वाहणारा जोरच वाहून नेणार. आणि साखळीच्या टोकाला कधी कधी मिथेनॉल मिसळलेला औद्योगिक मद्यार्क येतो, जसा २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत आला आणि शंभरहून अधिक माणसं मेली. त्याचा मोहाशी काहीच संबंध नव्हता, तरी दोष ‘गावठी’ या एका शब्दावर जातो आणि मोह त्या शब्दात आपोआप ओढला जातो.

इथे कुणी म्हणेल की हा फुलाचा जास्तच कैवार झाला, आणि मोहाचा वास तर चांगल्या भट्टीतही उग्रच असतो. यात तथ्य आहे. इंग्रजी काळातल्या लेखकांनी वाळल्या मोहफुलाला उंदरासारखा वास येतो असं लिहिलं, आणि ते निव्वळ गोऱ्या नाकाची कुरकुर म्हणून उडवून देता येत नाही. सुरुवातीला सांगितलेला २-असिटाइल-१-पायरोलिन हा रेणू आणि त्याची भावंडं भातात दरवळ होतात, पावात खरपूसपणा होतात, आणि बिघडलेल्या वाइनमध्ये त्यांनाच उंदराचा वास म्हणतात. प्रमाण आणि संगत बदलली की त्याच वासाचं नाव बदलतं. म्हणून फुलाचं काय आणि कायद्याचं काय हे निवडायचा एक कामचलाऊ मार्ग असा: व्हिनेगरचा, नेलपॉलिशचा, धुराचा, रबराचा वास आला तर तो भट्टीचा आणि घाईचा. भिजलेल्या मनुकांचा, मधाचा, भाताच्या पेजेचा, थोडा मातकट आणि गिळल्यावर मागे राहणारा फुलाचा गोडसर वास आला तर तो मोहाचा. तो आवडेलच असं नाही, पण तो खोट नव्हे. परवान्याखाली, स्वच्छ भांड्यात, तापमानाकडे लक्ष देऊन गाळलेला मोह आता बाजारात आहे. गोव्यातून डेस्मंड नाझरेथ यांनी २०१८ मध्ये मोहाची दारू बाटलीत आणली, आणि महाराष्ट्रात डहाणूच्या साऊथ सीज डिस्टिलरीनंही मोह बाजारात आणला. मध्य प्रदेशानं मोहाला ‘हेरिटेज’ दारूचा दर्जा देऊन अलीराजपूर आणि दिंडोरीत आदिवासी गटांकडून उत्पादन सुरू करवलं. या बाटल्यांची चव चाखणारा उग्रपणाचा तोच आक्षेप पुन्हा घेऊ शकतो, पण आंबूसपणाचा आणि धुराचा आक्षेप तिथे टिकत नाही, आणि वाद होता तो त्याच गोष्टींचा.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात, जिथे दारूनं संसार मोडल्याच्या कहाण्या घरोघर आहेत, तिथे दारूच्या चवीवर प्रकरण लिहिणं ही पोटभरल्यांची चैन नव्हे का? याच विदर्भात वर्ध्याला दारूबंदी आहे, गडचिरोलीनं १९९३ मध्ये ती मिळवली, चंद्रपुरात २०१५ ला लागू होऊन २०२१ मध्ये उठली. महाराष्ट्रात गावोगावच्या बायांनी आडव्या बाटलीला मतं देऊन दुकानं बंद करवली आहेत. त्यांचा राग अनुभवातून आलेला आहे आणि चवीच्या चर्चेनं तो खोडता येणार नाही, खोडूही नये. पण वर मांडलेला पुरावा त्यांच्या बाजूनंही बोलतो. दारूचा घात होतो तो मुख्यतः मद्यार्काच्या मात्रेनं, आणि करव्यवस्था व बेकायदेशीरपणा दोन्ही मिळून गरिबाच्या पेयाला मात्रेकडेच ढकलत आले आहेत. देशी दुकानात अठरा-वीस टक्क्यांचं सौम्य, चवीचं काही मिळत नाही. बीअरमध्येही देशभर खपाचा मोठा वाटा स्ट्राँगचा आहे, कारण कमी पैशात जास्त जोर मिळतो. ज्या पेयाला चव उरलेली नसते ते पिण्याचं नशेखेरीज दुसरं कारणही उरत नाही. कोरकूंच्या ‘सिडू’चा पहिला थेंब देवाला आणि पितरांना शिंपडला जातो, ती जन्म, लग्न, मरणाच्या विधींत असते. तिथे पिणं कमी होतं असा दावा करणं भाबडेपणाचं ठरेल. पण त्या पिण्याला वेळ-काळ होता, आणि रोजच्या क्वार्टरला तो नसतो.

आणि कायद्याचा हा खेळ बुलढाण्याच्या नकाशावरच पाहता येतो. जळगाव जामोदच्या उत्तरेला डोंगर ओलांडला की मध्य प्रदेशाचा बुऱ्हाणपूर जिल्हा लागतो. तिथला आबकारी कायदा आदिवासींना घरगुती वापरापुरती दारू गाळायची मर्यादित मुभा देतो. पूर्वेला मेळघाट अनुसूचित क्षेत्रात येतो, म्हणून तिथल्या ग्रामसभांना २०१४ च्या पेसा नियमांखाली मादक पदार्थांबाबत स्वतःचे अधिकार आहेत. बुलढाणा जिल्ह्याचा कुठलाही भाग अनुसूचित क्षेत्रात नाही. झाड तेच, फूल तेच, पुष्कळदा नातीगोतीही तीच, पण बुलढाण्याच्या बाजूनं गाळलेला घरचा लोटाही हातभट्टीच ठरतो. २०२१ मध्ये महाराष्ट्रानं मोहफूल गोळा करण्यावरची आणि वाहतुकीवरची बंधनं उठवली, ही चांगली गोष्ट झाली. पण फूल मोकळं झालं, भट्टी झाली नाही. परवाना हवा तर कारखान्याच्या आकाराचं भांडवल हवं. ब्रिटननं २००२ मध्ये लहान बीअर कारखान्यांना करात मोठी सवलत दिली, त्यानंतर तिथे शेकडो नवे छोटे कारखाने उभे राहिले आणि त्यातल्या काहींनी विसरलेली माइल्ड पुन्हा बनवली. हॉब्सन्सची अवघी ३.२ टक्क्यांची माइल्ड २००७ मध्ये तिथली सर्वोत्तम बीअर ठरली. आपल्या आबकारीत लहान भट्टीसाठी असा वेगळा दर नाही. त्यामुळे सातपुड्यातल्या बाईनं पहाटे वेचलेलं फूल व्यापारी वजनावर घेतो, आणि ते सावलीत जपून वाळवलं की डांबरी रस्त्यावर पसरून वाळवलं, याचा भावात फरक पडत नाही.